नवऱ्याच्या कराराला टाचलेला कागद

लॅनेट पोगने जन्मात कधी नोकरीसाठी अर्ज केला नाही, तरी तिला पाच गावांत पाच नोकऱ्या मिळाल्या. कारण तिचा नवरा डॉयल फुटबॉलचा कोच, चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या फुटबॉलचा. पश्चिम टेक्सासातल्या आमच्या गावांची रीतच अशी, की शाळेला कोच हवा असेल तर त्याच्या बायकोलाही त्याच शाळेत कुठेतरी चिकटवायचं. कोचचा करार तेरा पानांचा, घासाघीस करून ठरलेला. त्याच्या मागे बायकोचं एक पान टाचलेलं. बाईला काय शिकवता येतं हे कोणी विचारत नाही. जागा रिकामी असेल तिथे उभं करतात.

टाचलेल्या कागदाचा दुसरा गुण असा, की पुढचा गठ्ठा टोपलीत गेला की तोही मागोमाग जातो. दोन-तीन मोसम हरले की कोचला नारळ, आणि कोचबरोबर त्याच्या बायकोलाही. तिने काय शिकवलं, कोणाला शिकवलं, कोणी हिशेबात धरत नाही. तिचा मुलगा क्ले आता ओहायोत असतो. एकदा त्याने फोन करून विचारलं होतं, "आई, फॉर्मवर मूळ गाव लिहा म्हणतात. काय लिहू?" लॅनेट म्हणाली, "जिथे सगळ्यात कमी हरलो ते लिही." तो हसला. तिने फोन ठेवला.

आमच्या ड्राय फोर्कला ती आली तेव्हा तिला नववीचं बीजगणित दिलं, कारण ते कोणालाच नको होतं. पहिले तीन महिने पोरं तिला 'कोचची बायको' म्हणत. मग हळूहळू सकाळी सातला, शाळा भरायच्या तासभर आधी, तिच्या वर्गाचा दिवा लागायला लागला. सहा पोरं यायची, पुढच्या वर्षी नऊ झाली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. तिसऱ्या वर्षी तीच पोरं अकरावीत गेली, आणि लॅनेटने मुख्याध्यापकांकडून लिहून घेतलं की पुढल्या वर्षी बारावीला कॅल्क्युलस शिकवायचं. आमच्या शाळेत कॅल्क्युलस कधी शिकवलंच नव्हतं. आणि लॅनेटने पाच गावांत मिळून एकही तुकडी नववीपासून बारावीपर्यंत नेली नव्हती. दर वेळी पेरायचं तिने आणि कापणीच्या आधी गाव सोडायचं. तिला आता हे एकच हवं होतं. ही एक तुकडी शेवटापर्यंत नेऊ द्या, मग कुठेही फेका.

पण ते ठरणार होतं सतरा वर्षांच्या पोरांच्या पायांवर. डॉयलचे दोन मोसम वाईट गेले होते. तिसऱ्यात नऊपैकी चार सामने जिंकले. शेवटचा सामना पॉस्टनशी, म्हणजे आमच्या शेजारच्या गावाशी, ज्यांच्याशी आमचं लग्नकार्यातही जमत नाही. तो जिंकला तर डॉयल राहील आणि त्याच्यामागे लॅनेटही. हरला तर दोघांनी सामान बांधायचं.

आता पगाराचंही सांगून टाकतो, कारण लोक हळू आवाजात बोलतात तेच मला मोठ्याने बोलायची खोड आहे. डॉयलला वर्षाला एक लाख बारा हजार डॉलर. लॅनेटला पंधरा वर्षं शिकवून छपन्न हजार. बरोब्बर अर्धे. शाळा एक, घर एक, जेवायचं टेबल एक. शिक्षकांच्या खोलीत इंग्रजीच्या ट्वायला ब्रँट तिला टोचून घेत. ट्वायलाबाई साठीच्या, जिभेला हाड नाही.

"तुला काय गं, तुझ्या अंगणात दोन्ही ढग बरसतात."

"आणि दोन्ही वादळंही माझ्याच छपरावर येतात, ट्वायला."

"ते खरंय." ट्वायलाबाईंनी पगारवाढीचा अर्ज पुढे केला. "मग कर इथे सही. कोचचा कमी करा असं लिहिलेलं नाही हो. आमचा वाढवा, एवढंच."

लॅनेटने पेन हातात घेतलं. सही केली तर नवऱ्याच्या विरुद्ध, नाही केली तर स्वतःच्याच विरुद्ध. "उद्या करते," म्हणाली आणि पेन चुकून स्वतःच्या पर्समध्ये टाकून निघून गेली.

घरी हाच विषय कधीतरी निघायचाच.

"वर्गात तू दहा जणांना नापास केलंस तर किती लोक ओरडतात?" डॉयल म्हणायचा. "माझी परीक्षा दर शुक्रवारी. गावात माणसं सव्वीसशे आणि माझे परीक्षक चार हजार, तेही तिकीट काढून. त्याचे पैसे आहेत ते."

"माझी परीक्षाच नाही, हेच तर दुखणं आहे," लॅनेट म्हणायची. "मी जीव तोडून शिकवलं काय आणि खुर्चीत पेंगले काय, एक माणूस बघायला येत नाही."

डॉयल वाईट माणूस नव्हता. पोरांचे घामट कपडे तो स्वतः धुवायचा. कोणाच्या घरी चूल पेटली नाही ते त्याला आधी कळायचं. पण त्याचा पगार गावाच्या भीतीतून येत होता, आणि ती भीती तो रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचा, बूट दाराशी काढून ठेवायचा पण ती नाही.

तर ऑक्टोबर संपत आला होता. सहा आठवड्यांचे गुण शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत भरायचे. राज्याचा नियम साधा आहे. कुठल्याही एका विषयात सत्तरच्या खाली गुण पडले की पुढच्या शुक्रवारपासून तीन आठवडे खेळ बंद. पुढच्या शुक्रवारीच पॉस्टनचा सामना होता. आणि चेंडू काखेत मारून धावणारा आमचा हुकमी एक्का एफ्रेन बाका लॅनेटच्या वर्गात होता.

गुरुवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरजा करत बसली. एफ्रेनचे झाले अडुसष्ट. तिने पुन्हा बेरीज केली. अडुसष्ट. मग तिसऱ्यांदा. गणिताच्या बाईने तीनदा बेरीज करावी, यातच काय ते समजा. चुकलेल्या चाचणीची फेरपरीक्षा देऊन झाली होती. घरचा अभ्यास धरून झाला होता. आणखी धरायला काही उरलं नव्हतं.

डॉयल बशा विसळत होता. पाठमोराच म्हणाला, "किती?"

"अडुसष्ट."

नळ चालू राहिला. "फेरपरीक्षा?"

"धरून."

"बरं," तो म्हणाला आणि तीच बशी पुन्हा विसळायला लागला. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. 'काहीतरी कर' म्हणाला असता तर तिला 'नाही' म्हणता आलं असतं. त्याने काहीच मागितलं नाही, आणि मग सगळं तिच्यावरच येऊन पडलं.

शुक्रवारी सकाळी पहिला तास रिकामा होता. वेल्डन हफ वर्गात आला. वेल्डनचं ट्रॅक्टरचं दुकान आहे आणि खेळासाठी पैसे उभे करणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष. त्याच्या हातात धुरावर भाजलेल्या ब्रिस्केटचा, म्हणजे गोमांसाचा ट्रे होता, वर चकचकीत कागद लावलेला.

"मॅम, बायकोने पाठवलंय. म्हणाली, कोचच्या घरी या आठवड्यात स्वयंपाकाला सवड नसेल."

"ठेवा तिथे. आणि पोटात आहे ते बोला, वेल्डन."

वेल्डन बसला. पोरांच्या बाकात तो मावत नव्हता. "पोरांनी आपसात बेरजा केल्यात, मॅम. दोन गुण. दोन! अहो, मी ट्रॅक्टर विकताना दोनशे डॉलर हसत सोडतो."

"आणि ट्रॅक्टरचं एक चाकही सोडता का?"

"चेष्टा करू नका. मी तुमच्याच भल्याचं बोलतोय. सोमवारी शाळेच्या बोर्डातल्या सातपैकी चौघांशी माझं बोलणं झालंय. पॉस्टनला हरलो तर ते चौघं कोचच्या बाजूने हात वर करणार नाहीत. म्हणजे तुम्ही पोराला नाही, स्वतःलाच नापास करताय. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"मग ट्रे घेऊन जा. थंड होतोय."

तो गेला. लॅनेटने दाराची कडी लावली आणि फळ्याला टेकून उभी राहिली. त्याच्यासमोर ती ठणकावून बोलली खरी, पण आत हिशेब सुरू झाला होता. कोणाला दोन गुण दिले म्हणून आभाळ कोसळतं का? कोसळत नाही. हजार मास्तरांनी दिले असतील. दिले, तर पुढल्या वर्षी बारावीचा वर्ग तिचा. ती नऊ पोरं तिची. नाही दिले, तर त्या नऊ पोरांना कॅल्क्युलस कोण शिकवणार? कोणीच नाही. एका पोराशी खरं वागायचं म्हणून नऊ पोरांचं वाटोळं करायचं, हा कुठला न्याय? ही बेरीज तिने त्या दिवशी दहा वेळा केली आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं.

दोनला एफ्रेन आला. दारातच उभा राहिला, एवढा थोरला पोरगा अंग चोरून.

"मिस, कोचना सांगितलंत?"

"हो."

"चिडले?"

"नाही."

"मग संपलंच," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "सगळे म्हणतात तुम्ही देणार गुण. वेल्डनकाका तर सकाळीच माझ्या पाठीवर थाप मारून गेले."

"तुला काय वाटतं?"

"मला ते लॉगरिदम कळलेलं नाही, मिस. कालची चाचणी मी निम्मी बाजूच्याची बघून लिहिली."

लॅनेटने डोळे मिटले. म्हणजे अडुसष्टसुद्धा खरे नव्हते. "हे मला का सांगितलंस, बाबा?"

"तुम्ही विचारलंत."

तीनला दहा मिनिटं कमी असताना तिने संगणकात अडुसष्ट हा आकडा भरला. कमीही केला नाही, जास्तही नाही. कळ दाबली, आणि ती दाबली गेली की नाही हे दोनदा बघितलं.

पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका. किराणा दुकानात तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बायका दुसऱ्या रांगेत गेल्या. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिघांची जागा मोकळी राहिली. ट्वायलाबाई मात्र मुद्दाम येऊन बसल्या. "सरक गं, इथे पाय पसरता येतात."

शुक्रवारी सामना झाला. एफ्रेन साध्या शर्टात कडेला उभा राहून पाण्याच्या बाटल्या देत होता. लॅनेट नेहमीच्या जागी बसली. कोचच्या बायकोने न येणं म्हणजे हार आधीच कबूल करणं. मागून पहिल्यांदा एक आवाज आला, "अडुसष्ट!" मग दुसरा. चेंडू हातातून सुटला की पाच-पन्नास गळे एकदम, "अडुसष्ट!" तिने समोर बघत राहायचं ठरवलं होतं. कान मात्र मागे लागले होते. सतरा विरुद्ध एकवीस. हरलो.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर अंगणात पाट्या. 'विकणे आहे'. हरलेल्या कोचच्या अंगणात घर विकायच्या पाट्या रोवून जायचं, ही आमच्याकडची जुनी शहाणी रीत. गावाने अकरा रोवल्या होत्या. त्यातल्या एकीवर रंगाने '६८' लिहिलं होतं. डॉयल झोपायच्या कपड्यांतच बाहेर आला आणि एकेक उपटायला लागला.

"या गावचं प्लायवूड चांगलंय," तो म्हणाला.

लॅनेटला हसू आलं आणि मग रडू. कुठलं आधी आलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

डिसेंबरात बोर्डाने डॉयलला राजीनामा द्यायला सांगितलं. पंधरा दिवसांत दोनशे मैलांवरच्या क्लॅरेटहून फोन आला. एक लाख अठरा हजार, आणि 'मिसेसची सोय करतो'.

"काय सोय?" लॅनेटने विचारलं.

"सहावीचं वाचन."

"मी गणिताची आहे, डॉयल."

"पुढे-मागे गणितही देतील."

"मी येत नाही."

डॉयल खुर्ची ओढून बसला. चिडला नव्हता, नुसता थकला होता. "लॅनेट, लोकांना वाटतं तो जास्तीचा पगार खेळाचा आहे. तो सामान बांधायचा पगार आहे. दर तीन वर्षांनी उठायचा."

"सामान मी बांधते," ती म्हणाली. "पाचही वेळा मीच बांधलंय. चेक तेवढा तुझ्या नावाने निघतो."

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्या कोणाकडे असेल त्याने येऊन सांगावं.

जानेवारीत डॉयल एकटा गेला. लॅनेट राहिली, पण कुठल्या जोरावर? पुढचा गठ्ठा टोपलीत गेलेला आणि तिचं पान अजून हवेत लोंबकळत. शाळा काही बोलेना. ती विचारायला घाबरत होती. विचारलं तर 'नाही' म्हणतील, आणि न विचारता निदान सोमवार तरी उगवत होता. सकाळी सातला पोरं येत, ती शिकवत असे, आणि दाराशी कोणाची चाहूल लागली की तिच्या हातातला खडू मोडत असे. शाळेने गुपचूप गणिताच्या शिक्षकाची जाहिरात दिली आहे हे तिला मार्चमध्ये ट्वायलाबाईंकडून कळलं. तिचीच जागा, आणि तिच्या पाठीमागे.

एप्रिलात जिल्ह्याच्या शाळांचे प्रमुख डॉ. ग्रिग्ज यांनी तिला बोलावलं. तिने सकाळी काही खाल्लं नव्हतं. समोर एकच पान होतं. या खेपेला सुटं.

"मिसेस पोग, तुम्ही राहावं अशी आमची इच्छा आहे."

ती इतकी गोंधळली की तिने विचारलं, "का?"

ग्रिग्ज कसनुसं हसले. "खरं सांगू? तीन महिने जाहिरात दिली. एक अर्ज आला. त्याला बेसबॉलचा कोच व्हायचं होतं."

तिच्या अंगावरून ओझं उतरलं. हात पेनकडे गेलाही. मग आकडा दिसला. छपन्न हजार आठशे. हात थांबला. कशाने थांबला, कोण जाणे. बहुतेक त्या अकरा पाट्यांनी.

"हे कसं ठरवता?"

"शिक्षकांचा तक्ता आहे. नोकरीची वर्षं मोजायची, समोरचा आकडा बघायचा."

"आणि कोचचा तक्ता?"

"तो... तो बोलून ठरतो."

"मग बोला माझ्याशी."

"माझ्या हातात नाही, मिसेस पोग."

"तुम्हाला तीन महिन्यांत एक माणूस मिळाला नाही. कोचसाठी किती अर्ज आले?"

ग्रिग्ज समोरची फाइल चाळू लागले.

"किती?"

"चौतीस."

"चौतीस उभे आहेत त्या जागेला दुप्पट, आणि एकही मिळत नाही त्या जागेला तक्ता. गावच्या दुकानात याच्या उलटा भाव असतो." तिने ते पान टेबलावरून परत सरकवलं. "विचार करून सांगा."

ती बाहेर येऊन गाडीत बसली. काय करून बसलो आपण! हवं होतं ते ताटात वाढलेलं, आणि आपण ताट ढकललं. नऊ पोरं. कॅल्क्युलस. एका आकड्यासाठी! मंगळवार गेला, बुधवार गेला. फोन नाही. डॉयलला सांगायची हिंमत होईना, म्हणून तिने त्याला हवामान सांगितलं. गुरुवारी ती सही करायलाच निघाली होती. ग्रिग्जच्या दारापर्यंत गेली. आत कोणाशी तरी बोलणं चाललं होतं, म्हणून परत फिरली. दुसरी बाई असती तर थांबून सही करून आली असती. शुक्रवारी तास चालू असताना ग्रिग्ज स्वतः वर्गाच्या दारात आले.

"तक्त्याच्या वर मला एक डॉलरही देता येत नाही," ते बाहेर बोलावून म्हणाले. "पण जादा कामांच्या यादीत एक जागा अकरा वर्षं रिकामी आहे. गणित स्पर्धेचा संघ. वर्षाला साडेसहा हजार. काम तेच, जे तुम्ही सकाळी सातला फुकट करता."

"त्या जागेचं नाव काय?"

ग्रिग्ज खाकरले. "कोच."

पंधरा वर्षं शिकवल्याचे नाहीत ते नाहीतच. पण कोच म्हटलं की तिजोरीला फट पडते. लॅनेटला संताप आला आणि तिने सही केली. दोन्ही एकाच वेळी. डॉयलला फोन केला तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "जपून गं. आता लोक बघायला येतील."

सोमवारी सकाळी सातला तिने पोरांना सांगितलं. संघ निघतोय, हिवाळ्यात जिल्ह्याची स्पर्धा, गुण पेपरात छापून येतात. पोरांनी बाकं बडवली. मग शेवटच्या बाकावरून एका पोरीने हात वर केला.

"मिस, हरलो तर तुमची नोकरी जाईल?"

लॅनेटने फळ्याकडे तोंड केलं. डॉयलची ती परीक्षा, आता तिच्या स्वतःच्या नावाची.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पुस्तक उघडा."